मराठी पाळकाच्या शोधात : रेव्हरंड नारायण वामन टिळक

अहमदनगर जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, नाव निघाले की पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव अनेकांना प्रथम आठवते. १९७५ नंतर या गावात जे परिवर्तन झाले, त्याचा आरंभ संत यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून झाला. पाणी अडवण्याची कामे मागाहून आली; त्याआधी गाव मंदिरात एकत्र बसले. लोकांना शिकवायचे आणि पुढे न्यायचे तर त्यांच्या श्रद्धेच्या जागेतून, त्यांच्याच बोलीत आणि त्यांच्यातल्याच माणसाने ते करावे लागते, हा त्या गावाने दिलेला धडा. याच जिल्ह्यात शतकाहून अधिक काळापूर्वी हाच प्रश्न एका वेगळ्या क्षेत्रात उभा राहिला होता. मराठी ख्रिस्ती मंडळीचे नेतृत्व कोणी करायचे, आणि ते नेतृत्व घडवणारे शिक्षण कोणत्या भाषेत, कोणत्या रीतीने द्यायचे, असा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आपले उत्तरायुष्य वेचले, ते म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक.

मराठी वाचकाला टिळक ठाऊक आहेत ते फुलामुलांचे कवी म्हणून, किंवा ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे पती म्हणून. पाठ्यपुस्तकांतून त्यांच्या कविता पिढ्यान्पिढ्या वाचल्या गेल्या. परंतु नगरच्या धर्मशिक्षण विद्यालयात शिकवणारे अध्यापक आणि मंडळीला स्वतःच्या पायांवर उभी राहा असे बजावणारे पाळक टिळक मात्र साहित्याच्या इतिहासात काहीसे झाकोळले गेले.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. वडील वामनराव कडक स्वभावाचे. आई लहानपणीच गेली आणि घराशी असलेला धागा तुटला. मुलगा नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतले शिक्षण मात्र अपुरे राहिले. पुढे धर्मशास्त्राचा अध्यापक होणाऱ्या या माणसापाशी विद्यापीठाची कोणतीही पदवी नव्हती. जे काही ज्ञान त्यांनी मिळवले, ते गुरूच्या पायाशी बसून आणि स्वतः वाचून.

१८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका त्यांची पत्नी झाली, तीच लक्ष्मीबाई. संसार सुरू झाला, पण घर कुठे स्थिरावले नाही. शाळामास्तरकी, पुराण सांगणे, कीर्तन, छापखान्यातले काम असे नाना उद्योग टिळकांनी केले. हातातला पैसा समोरच्या गरजवंताला देऊन टाकायचा, घरात काय शिजणार याची चिंता करायची नाही, असा त्यांचा स्वभाव होता. ते शीघ्रकोपी होते आणि तितकेच लवकर पाघळणारेही. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम केले. ‘ऋषी’ नावाचे नियतकालिक चालवले. या काळात त्यांच्या मनात धर्मासंबंधी मोठे मंथन चालू होते. जातिभेद नसलेला, देव आणि माणूस यांच्यामध्ये कोणी उभा न राहणारा असा एखादा नवा धर्म या देशाला हवा, असे त्यांना वाटू लागले होते.

१८९३ च्या सुमारास राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जाताना आगगाडीत त्यांची एका परदेशी मिशनऱ्याशी गाठ पडली. काव्यापासून धर्मापर्यंत गप्पा झाल्या. निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती बायबल दिले. प्रथम ते त्यांना फारसे रुचले नाही. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत येताच त्यांना तेथून हलवेना. मनात घोळणाऱ्या प्रश्नांची उत्तरे तेथे आहेत, अशी त्यांची खात्री होत गेली. तरीही पाऊल उचलायला दोन वर्षे लागली. घर, जात, पत्नी, लहान मुलगा दत्तू, हे सारे एका निर्णयाने दुरावणार हे त्यांना पुरते माहीत होते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंडळीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. या प्रसंगातली एक गोष्ट त्यांच्या पुढच्या आयुष्याची दिशा सांगते. त्यांना बाप्तिस्मा दिला तो रेव्हरंड तुकाराम नथोजी या मराठी पाळकाने. परदेशी मिशनऱ्याच्या हातून नव्हे, तर आपल्याच देशबांधवाच्या हातून ही दीक्षा घ्यायची, हा टिळकांचा आग्रह होता. नवा धर्म स्वीकारताना देश आणि भाषा सोडायची नाही, हा त्यांचा निश्चय पहिल्याच दिवशी असा प्रकट झाला.

या निर्णयाचा आघात लक्ष्मीबाईंवर झाला. त्या नातलगांबरोबर पंढरपुरास राहिल्या. सुमारे साडेचार वर्षे पती-पत्नींची ताटातूट राहिली. त्या एकटेपणाची, समाजाच्या बोलण्याची आणि मनातल्या ओढाताणीची हकिकत त्यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’त लिहिली, मराठी आत्मचरित्रांत तिला तोड नाही.

बाप्तिस्म्यानंतर टिळक नगरला आले. त्या काळी हे शहर मराठी ख्रिस्ती शिक्षणाचे मोठे केंद्र होते. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ साली मुंबईत पाय ठेवला आणि १८३१ मध्ये नगरला ठाणे उघडले. सिंथिया फेरार यांनी नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या. त्या पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्यांच्याच संस्थेत गिरवले. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक येथेच सुरू झाले. १८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोन मराठी गृहस्थांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. राहुरी, नेवासे, पारनेर अशा तालुक्यांतून मिशनच्या शाळा उघडल्या आणि गावोगावी लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. या मंडळ्यांतील बहुसंख्य लोक महार-मांग समाजातून आलेले होते.

मंडळ्या वाढल्या तसा त्यांना सांभाळणाऱ्या माणसांचा प्रश्न निकडीचा झाला. गावचा शिक्षक, उपदेशक आणि पाळक ही तिन्ही कामे बहुधा एकाच माणसाला करावी लागत. अशी माणसे घडवण्यासाठी डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी १८७८ साली नगरला धर्मशिक्षण विद्यालय उभे केले. ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईतच, एका मिशनरी कुटुंबात झालेला. अमेरिकेतील येल महाविद्यालयाचे पदवीधर असलेले ह्यूम अँडोव्हर येथे धर्मशास्त्राचा पुढील अभ्यास करून १८७४ मध्ये परतले होते. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नावही पडले नाही, त्यांना मृत्यूनंतर तरी देव संधी देईल अशी आशा बाळगता येते, असे मत त्यांनी १८८६ मध्ये अमेरिकेतील मुक्कामात मांडले. त्यावरून तेथे वादळ उठले आणि मिशनच्या चालकांनी त्यांची भारतातील परतपाठवणी काही काळ रोखून धरली. आपल्या आजोबा-पणजोबांचे काय झाले असेल, असे विचारणाऱ्या नगरच्या ख्रिस्ती शेतकऱ्याला काय उत्तर द्यायचे, याचे भान त्या मताच्या मुळाशी होते. पुढे त्यांना परतण्याची मुभा मिळाली. हिंदूंच्या श्रद्धेकडे आदराने पाहणारा असा गुरू टिळकांना भेटला, हा दोघांच्याही आयुष्यातला भाग्ययोग म्हटला पाहिजे.

ह्यूम यांच्या सहवासात टिळकांचा ख्रिस्ती धर्मशास्त्राचा अभ्यास सुरू झाला आणि लवकरच ते विद्यालयात शिकवूही लागले. नुकताच धर्मात आलेला पंडित आणि त्याच्यासमोर खेड्यापाड्यांतून आलेले तरुण, असा तो वर्ग होता. या तरुणांपैकी अनेकांच्या वाडवडिलांना वेशीच्या आत पाऊल टाकण्याची मोकळीक नव्हती. काही वर्षांपूर्वी ज्यांची सावलीही टिळकांच्या घराण्याने टाळली असती, त्यांच्यासमोर उभे राहून ते आता शिकवत होते, त्यांच्या पंगतीला बसत होते. मनातली जात पुसणे हे कोणत्याही ग्रंथापेक्षा कठीण शिक्षण असते. टिळकांनी ते उत्साहाच्या भरात एका झेपेत साधले. लक्ष्मीबाईंनी ते सावकाश साधले, स्वतःशी वाद घालत, सोवळ्याची एकेक गाठ सोडवत. पतीकडे परतल्यानंतरही त्यांनी काही काळ आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. माणसामाणसांत भेद देवाने केलेला नाही, ही गोष्ट मनाला पुरती पटल्यावरच त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. या दोन वाटांपैकी कोणती अधिक खरी, हे सांगणे कठीण. पण टिळकांच्या शिकवणीला घरातूनच असा साक्षीदार मिळाला, हे महत्त्वाचे.

त्याच सुमारास जिल्ह्यावर प्लेगचे आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाचे संकट कोसळले. दुष्काळी कामे आणि अनाथ मुलांचा सांभाळ यांत मिशनची सारी माणसे गुंतली. ह्यूम यांना या सेवेबद्दल सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. टिळकांचे घरही आश्रितांनी भरलेले असे. भुकेल्या माणसाला आधी भाकरी आणि मग प्रवचन, हा पाठ येथे प्रत्यक्ष जीवनाने शिकवला.

१९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. आता त्यांना एक गोष्ट अधिकाधिक खटकू लागली होती. मंडळीत प्रवचन मराठीत होई, पण त्याची घडण परदेशी असे. गीते मराठीत असत, पण त्यांपैकी पुष्कळशी भाषांतरित आणि विलायती चालींवर बसवलेली. तोंडाने ती म्हटली जात, मनात मात्र रुजत नसत. या बाबतीत नगरला पूर्वपरंपरा अगदीच नव्हती असे नाही. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग टिळकांच्या आधी केला होता. टिळकांनी ती वाट हमरस्त्याएवढी रुंद केली. लहानपणापासून अंगात मुरलेले अभंग, ओव्या, पदे आणि भजने त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी मोकळी केली. ज्ञानेश्वर-तुकारामांचा वारसा त्यांनी कधी टाकला नाही. तुकोबांच्या भक्तीच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताच्या पायाशी पोचलो, अशी त्यांची भावना होती.

हा केवळ काव्याचा हौशी प्रयोग नव्हता. त्यामागे शिक्षणाचा विचार होता. अक्षरओळख नसलेल्या शेतमजुराला धर्मशास्त्राचा सिद्धांत समजावणे अवघड, पण तोच आशय अभंगात आला तर तो रात्री घोंगडीवर बसून टाळाच्या साथीने म्हणू शकतो आणि पाठही करतो. कीर्तनात पूर्वरंगात विचार मांडायचा आणि उत्तररंगात आख्यान रंगवायचे, ही शिकवण्याची पद्धत महाराष्ट्राने शतकानुशतके पारखलेली आहे. पाळक तयार करायचा तर त्याला प्रवचनाबरोबर कीर्तनही करता आले पाहिजे, असे टिळकांना वाटे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांच्या गीतांना आज जे मोठे स्थान आहे, त्याचे मूळ या दृष्टीत आहे.

१९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले आणि वर्गाबाहेरचा मोठा वर्ग त्यांना मिळाला. त्यांचे घर तर शाळाच होते. कवी बालकवी ठोंबरे काही काळ नगरला त्यांच्याच घरी राहिले. कोणाला कविता दाखवायची असे, कोणाला आसरा हवा असे, कोणी नुसताच वाद घालायला येई. या सर्वांना जेवू घालण्याचा भार लक्ष्मीबाईंवर पडे.

त्याच काळात भारतातील उच्च धर्मशिक्षणाला औपचारिक रूप येत होते. विल्यम केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे महाविद्यालय काढले होते. मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये छापून काढणारे ते हेच केरी. डेन्मार्कच्या राजाने १८२७ साली या महाविद्यालयाला पदव्या देण्याचा अधिकार दिला. पण धर्मशास्त्राच्या पदव्या प्रत्यक्ष दिल्या जाऊ लागल्या त्या १९१५ पासून. १९१८ च्या कायद्याने ही व्यवस्था पक्की झाली आणि देशातील निरनिराळ्या धर्मशिक्षण संस्थांना श्रीरामपूरशी संलग्न होण्याचा मार्ग खुला झाला. ख्रिस्ती शिक्षण, मंडळीचे नेतृत्व, समुपदेशन असे विषय घेऊन आज जे तरुण-तरुणी पदव्युत्तर अभ्यास करतात, त्यांच्या शिक्षणाची चौकट तेव्हा आकाराला येत होती. ही चौकट आवश्यकच होती. ग्रंथांचा अभ्यास, मूळ भाषांचे ज्ञान आणि परीक्षेची शिस्त यांवाचून पाळकाची विद्या उथळ राहते.

नेमक्या याच वेळी टिळक चौकटीबाहेर पडत होते. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली. मिशनऱ्यांशी त्यांचे वैर नव्हते. ह्यूम यांच्यावरचा लोभ तर अखेरपर्यंत टिकला. पण परदेशातून येणाऱ्या पगारावर पोसला जाणारा पाळक स्वतंत्र विचार करील कसा आणि लोक त्याला आपला मानतील कसे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. वडीलधाऱ्याने बोट धरून चालवावे तसे मिशनऱ्यांनी मंडळीला चालवले. आता ते बोट सोडण्याची वेळ आली आहे, असे त्यांचे मत झाले होते. महाराष्ट्रात माणूस धर्मगुरू होतो तो त्यागाने, नेमणुकीच्या पत्राने नव्हे, हे त्यांना जन्मापासून माहीत होते.

साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सारे शिष्य येथे बंधुभावाने एकत्र यावेत, जात, पंथ आणि देश यांच्या भिंती दाराबाहेर राहाव्यात, अशी ही कल्पना होती. आश्रम आणि संतमेळा या दोहोंची छाया तिच्यावर होती. अनेक मिशनऱ्यांना ती धोक्याची वाटली. बाप्तिस्म्याचे महत्त्व त्यामुळे कमी होईल, ही त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. दुसरीकडे, ख्रिस्ती झालेल्या माणसाचा दरबार कितीही उघडा असला तरी त्यात पाऊल टाकावे की नाही, याविषयी हिंदू समाजाला संकोच होताच. दोन्ही तीरांवरून संशयाने पाहिले जाणे हे पूल बांधणाऱ्याच्या वाट्याला येतेच. पगार सुटल्याने घरची ओढाताण वाढली, आणि तिची झळ पुन्हा लक्ष्मीबाईंनीच सोसली.

दरबाराला पुरती दोन वर्षेही लाभली नाहीत. टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ५७. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र अपुरे राहिले. त्याचे सुमारे दहा अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. देवाचा दरबारही त्यांच्यामागे टिकला नाही. हिशेबाच्या वहीत पाहिले तर शेवटच्या दोन वर्षांची शिल्लक शून्यच दिसेल.

परंतु शिक्षकाच्या कामाचा हिशेब त्याच्या शिष्यांच्या खात्यात मांडायचा असतो. नगरला टिळकांच्या प्रभावाखाली आलेले जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकाने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. भारतीय आणि युरोपीय यांनी समान पातळीवर, साधेपणाने आणि भारतीय रीतीने एकत्र राहायचे, असा त्याचा दंडक होता. दरबाराची कल्पना त्यात दुसऱ्या रूपाने जगली. पुढच्याच वर्षी विन्स्लो यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. १९४७ साली नगरच्याच ख्रिस्ती समाजातील डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय उभे केले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. मराठी मंडळीने परक्या आधाराची वाट न पाहता नेतृत्व करावे, ही टिळकांची इच्छा अशी निरनिराळ्या अंगांनी फळत गेली.

सर्वांत मोठी शिष्या घरातच होती. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंना अक्षरओळख करून दिली ती टिळकांनी. शिकवता शिकवता त्यांचा राग अनावर होई आणि धडे पुनःपुन्हा बंद पडत. अशा त्या विद्यार्थिनीने पतीच्या मृत्यूनंतर ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले आणि ६४ अध्यायांची भर घालून ते पूर्णत्वाला नेले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. १९३८ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

धर्मशिक्षणाच्या पदव्या आज अनेक ठिकाणी मिळतात, आणि त्या देणाऱ्या संस्थांची गरज कमी झालेली नाही. पण पदवी हाती घेऊन गावी परतणाऱ्या पाळकाला पहिला प्रश्न आजही तोच भेटतो. शिकलेले सारे तो गावाच्या भाषेत सांगू शकतो काय, आणि गाव त्याला आपला म्हणते काय? टिळकांनी या प्रश्नाचे उत्तर अभंगातून दिले. रविवारी नगर जिल्ह्यातल्या एखाद्या लहानशा मंदिरात पेटी आणि टाळांच्या साथीने त्यांची गीते सुरू होतात, तेव्हा गाणाऱ्यांपैकी अनेकांना कवीचे नावही ठाऊक नसते. शब्द मात्र सर्वांना पाठ असतात.